डावं, मधलं, आतलं

ठोक्याला ठोक्या म्हणायचे ते उगाच नाही. चाळीस वर्षं ट्रेलर ओढला त्यानं, आणि मोगरीनं टायर ठोकून झाल्याशिवाय एकदाही चावी फिरवली नाही. मोगरी म्हणजे कपडे बडवायची असते तसलीच लाकडी, फक्त दांडा लांब. भरलेल्या टायरवर मारली की ‘टण्ण’ करून उसळते. हवा कमी असली की ‘थप’ करून बसते, ओल्या पोत्यावर मारल्यासारखी. संपलं शास्त्र. याला शाळा लागत नाही.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी डेपोच्या फिटरनं केबिनमध्ये तळहाताएवढा पडदा चिकटवला, तेव्हा ठोक्याचं डोकं सटकलं.

“हा काय टीव्ही लावलास?”

“टीव्ही नाही काका. टायरची हवा दाखवतं हे. प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपीच्या जागी एक सेन्सर बसवायचा. हवा किती पौंड, टायर किती तापलाय, ते तो इथं कळवतो. हा बघा तुमचा ट्रक, वरून बघितल्यासारखा. दहा चाकं, दहा चौकोन. मागं ट्रेलरचे बारा.”

“मागचे बारा मेलेत वाटतं.”

“मेले नाहीत, अजून लावले नाहीत. ट्रेलरचे सेन्सर माझ्याकडे आहेत, परत आलात की बसवतो. तोवर तिथं नुसत्या रेघा दिसतील.”

“म्हणजे चाळीस वर्षं मी बहिरा होतो.”

“बहिरे नाही हो. पण तुम्ही सगळे बाहेरचं चाक ठोकता. जोडचाकातल्या आतल्या चाकाला कोण हात लावतं? आतलं बसलं तरी बाहेरचं भार पेलतं, वरून काही दिसत नाही. मग दोन्ही एकमेकांवर घासतात आणि पेटतात.”

फिटर आपलं काम सांगत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पण ठोक्या खाली उतरून गेला. शिवी न देता गेला, म्हणून फिटरलाच चुकल्यासारखं झालं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ठोक्याचा सख्खा मोठा भाऊ, दादा, याच डेपोत ट्रेलर चालवायचा. ठोक्याला गाडी त्यानंच शिकवली, तीही कानाखाली वाजवून. तेव्हा डेपोची एक रीत होती. आपल्या गाडीचे टायर आपण ठोकायचे नाहीत. आपल्या गाडीला आपला कान लाडावतो. निघायची घाई असली की ‘थप’सुद्धा ‘टण्ण’ ऐकू येतं. म्हणून दुसऱ्यानं ठोकायचे, आणि वाजलेल्या प्रत्येक टायरवर खडूची रेघ मारायची. रेघ दिसली की ड्रायव्हरनं डोळे मिटून निघायचं.

त्या दिवशी दादाची गाडी ठोकली ती ठोक्यानं. खाली चिखल होता, कंबर धरली होती. डाव्या बाजूला मधल्या एक्सलचं आतलं चाक त्यानं ठोकलंच नाही. हात आत घालून नुसती रेघ ओढली.

“वाजलं?” दादानं केबिनमधून विचारलं.

“वाजलं,” हा म्हणाला.

दुपारी घाटाच्या उतारावर तेच चाक पेटलं. दादा ट्रेलर सोडवायला मागं धावला. ट्रक वाचला. दादा नाही वाचला. लोक म्हणाले, नशीब. ठोक्यानं मान हलवली. रेघेची गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नाही. त्यानंतर दुसऱ्याच्या गाडीला त्यानं कधी मोगरी लावली नाही, आणि आपल्या गाडीला दुसऱ्याला लावू दिली नाही.

आणि आज मुकादमानं त्याला जोडायला दिला, तो तोच ट्रेलर.

“दुसरा एकही मोकळा नाही,” मुकादम म्हणाला. “सांगाडा तेवढा जुना. एक्सल नवे, चाकं नवी, रंग नवा. तू काय घाबरतोस की काय?”

असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? ठोक्यानं ट्रेलर जोडला. माल होता थिनरची पिंपं. जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून त्याचा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ. पोट सुटलेला, पंचेचाळिशीचा, तोंडाची टकळी कधी बंद न होणारा माणूस. निघताना बायकोचा फोन आला. “अहो, मला तो एकच भाऊ आहे. नेताय तसा घेऊन या.” गेली बारा वर्षं प्रत्येक खेपेला ती हेच म्हणायची. आज ते ठोक्याच्या छातीत जाऊन रुतलं.

त्यानं मोगरी घेतली आणि फिरला. फिटर बोलला होता ते डोक्यात होतं, म्हणून आतली चाकंसुद्धा वाकून वाकून ठोकली. एकवीस वाजली. बाविसावं राहिलं. डावं, मधलं, आतलं. ठोक्यानं मोगरी आत घातली, आणि त्याचा हात उठेना. कोपरापासून पुढं हात आपला नव्हताच जसा. आत, दोन टायरांच्या फटीत, अंधार होता, आणि भर सकाळी त्या अंधारातून जळक्या रबराचा वास आला. नव्या चाकांना.

“भाऊजी, झालं का? की टायरची नाडी बघताय?” मेहुण्यानं वरून हाक मारली.

ठोक्यानं मोगरी बाहेर घेतली. खिशातून खडू काढला, हात आत घातला आणि रेघ ओढली.

तीच चूक, दुसऱ्यांदा. माणूस असाच असतो. जिथं एकदा पाय घसरला, त्या पायरीकडे बघायचं टाळतो आणि नेमका तिथंच पडतो.

दुपारी दोनला घाटमाथा आला, आणि धुकं उतरलं. असं धुकं, की भर दुपारी दिवे लावावे लागले आणि दिव्यांचा उजेड चार हातांवर जाऊन भिंतीला थडकावा तसा परत यायचा. वायपर काचेवरून करकरत होते. पुढं गाडी नाही, मागं गाडी नाही. पडद्यावर ट्रकचे दहा चौकोन हिरवे, मागच्या बारांत नुसत्या रेघा.

“भाऊजी, तुमचा टीव्ही चांगला आहे,” मेहुणा म्हणाला. “बातम्या कधी लागतात?”

“तुझं तोंड बंद झालं की.”

मेहुणा हसला. आणि त्याचं हसू संपायच्या आत मागून आवाज आला.

टण्ण.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गाडी वीसच्या वेगानं धावत होती. पडद्यावर, ट्रेलरच्या उजव्या बाजूला सर्वांत पुढचा एक चौकोन पेटला. हिरवा. एकशे दहा पौंड.

टण्ण. त्याच्या शेजारचा.

“दगड उडत असतील,” मेहुणा म्हणाला. पण हळू म्हणाला.

टण्ण... टण्ण. उजवी बाजू संपली. आवाज मागं मागं गेला. क्षणभर काही नाही. मग तो डाव्या बाजूला आला, शेवटच्या एक्सलपाशी. कुणीतरी मोगरी घेऊन धावत्या ट्रेलरभोवती निवांत चालत होतं. घाई नाही, दमछाक नाही. एक चाक, एक ठोका, एक चौकोन.

मेहुण्यानं फिटरला फोन लावला. “अरे, तू ते मागचे सेन्सर लावलेस का?”

“नाही हो. इथंच आहेत माझ्यासमोर.”

“नीट बघ.”

“मोजून सांगतो.” फिटरनं मोजले. “बारा. का, काय झालं?”

मेहुण्यानं फोन मांडीवर ठेवला. त्यातून फिटरचा बारीक आवाज बराच वेळ येत राहिला. “हॅलो... हॅलो... काका?”

टण्ण. अकरावा.

आता एकच चौकोन उरला. ठोक्याला पडद्याकडे बघायची गरज नव्हती. कोणता उरलाय ते त्याला अकरा वर्षं माहीत होतं. तो ठोका पडायची वाट बघत राहिला. ठोका आला नाही. त्याऐवजी काहीतरी खरडल्याचा आवाज आला. लांब, कोरडा, रबरावरून खडू ओढल्यासारखा.

आणि बारावा चौकोन पेटला. लाल.

अठ्ठ्याण्णव पौंड. छप्पन्न डिग्री.

“भाऊजी... हवा उतरतेय.”

“दिसतंय मला.”

“पण बाकीच्यांची वाढतेय. एकशे चौदा, एकशे सोळा... थांबवा, मी त्यांची थोडी सोडतो.”

“गरम टायरची हवा सोडतात का, अक्कलशून्य! उतारावर ब्रेकनं तापलेत, म्हणून चढतेय. गार झाले की आपोआप बसेल. आज सोडलीस तर उद्या सगळे रिकामे.” हे ओरडताना ठोक्याला जरा बरं वाटलं. कामाची गोष्ट बोलताना माणूस भीती विसरतो.

पण उतार सुरू झाला होता. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि मधे थांबायला वीतभर जागा नाही. जागा होती ती खाली दोन किलोमीटरवर, मोठ्या वळणाशी. ठोक्यानं गियर खाली टाकला. ब्रेकला जमेल तेवढा कमी हात लावायचा.

नव्वद. पासष्ट डिग्री.

एक वळण.

ब्याऐंशी. त्र्याहत्तर.

“थापा मारतोय हो पडदा,” मेहुणा म्हणाला. “सेन्सरच नाही तर दाखवेल कसा? तुम्ही सकाळी ठोकलंत ना ते चाक? मी रेघ बघितली.”

ठोक्यानं नजर रस्त्यावर ठेवली. धुक्यात वळण दिसलं, त्यानं गाडी मोकळ्या जागेत घातली आणि हॅंडब्रेक ओढला.

“नाही ठोकलं,” तो म्हणाला. “नुसती रेघ मारली.”

“काय?”

“दादाच्या वेळीही तेच केलं होतं. हेच चाक. आता बोलत बसू नकोस. पाण्याचा कॅन आण, आणि मग वर रस्त्यानं पळ. लांब पळ. मागं पिंपं आहेत.”

मेहुण्यानं दार उघडलं. तो उतरला आणि कॅन काढायला केबिनच्या पलीकडे गेला. ठोक्या आग विझवायचं नळकांडं घेऊन डाव्या बाजूला आला. बाहेरचं चाक ठणठणीत दिसत होतं. त्यानं सवयीनं मोगरी मारली. टण्ण. अकरा वर्षांपूर्वीही हे असंच वाजलं असतं. तो ओल्या डांबरावर आडवा झाला आणि सरपटत ट्रेलरखाली शिरला.

वास आला. मग धूर दिसला. बारीक, निळसर, आतल्या टायरच्या पाठीतून निघणारा. टायर बसला होता, आणि बाहेरच्याला घासून घासून त्याची कड मेणासारखी मऊ झाली होती.

आणि पलीकडे, एक्सलच्या दुसऱ्या अंगाला, दोन पाय उभे होते.

अनवाणी. टाचा फुटलेल्या. घोट्यापर्यंत काळे.

मेहुण्याच्या पायात बूट होते. आणि मेहुणा पुढं कॅनशी झटत होता, त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

“वाजलं?” वरून आवाज आला. हळू. थकलेला. केबिनमधून विचारावा तसा.

ठोक्याला ओरडायचं होतं. पळायचं होतं. अकरा वर्षं त्या प्रश्नाला तो मनात तेच एक उत्तर देत आला होता.

“नाही दादा,” तो म्हणाला. “मी वाजवलंच नव्हतं... तेव्हाही नाही, आजही नाही. खोटी रेघ मारली मी.”

पाय हलले नाहीत. वरून थेंब पडत होते, टप, टप. मग तोच आवाज म्हणाला, “मग आता वाजव की, छोट्या.”

तेवढ्यात टायरच्या कडेला ज्वाळ धरली. बोटाएवढी, पिवळी, खेळकर. ठोक्यानं नळकांडं उघडलं. पांढरा फवारा सुटला, ज्वाळ गेली, नळकांडं संपलं आणि ज्वाळ परत आली. वरच्या फळ्यांतून थिनरचा वास येत होता.

“कॅन!”

कॅन त्याच्या खांद्याला लागला. मेहुणा पोटावर सरपटत खाली आला होता, सुटलेल्या पोटासकट.

“तुला पळ म्हणालो ना!”

“पळून जाऊन ताईला काय सांगू? तुमचा नवरा शेकोटी करत बसलाय?”

वीस लिटर पाणी त्यांनी एकदम नाही ओतलं. ओंजळीओंजळीनं, नेमकं त्या फटीत. वाफ तोंडावर आली, भुवया गेल्या, तळहाताची साल निघाली. पाणी संपलं तेव्हा कडेचा ओला चिखल उपसून थापला. दोन म्हातारे रेडे डबक्यात लोळावेत तसे दोघं लोळत होते, खोकत होते, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आणि एका क्षणी लक्षात आलं, की धूर थांबलाय. नुसती वाफ.

ठोक्यानं पलीकडे बघितलं. पाय नव्हते. ओल्या डांबरावर, ते जिथं उभे होते तिथं, दोन कोरडे ठिपके तेवढे होते. बघता बघता तेही भिजले.

टायर गार झाल्याची खात्री करून मग चाक बदललं. आधी बाहेरचं काढा, मग आतलं, मग स्टेपनी आत चढवा, मग बाहेरचं परत. दोन तास लागले. पाना फिरवताना सोललेल्या हातातून रक्त येत होतं आणि ठोक्या शीळ घालत होता. मेहुण्यानं त्याला अकरा वर्षांत शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

शेवटचा नट आवळून झाल्यावर ठोक्यानं मोगरी घेतली. डावं, मधलं, आतलं. पार आत वाकला, डोकं टायरांमधे घातलं, आणि हाणली.

टण्ण!

“वाजलं!” तो दरीकडे तोंड करून ओरडला. “दादा, वाजलं रे! वाजलं!”

दरीतून त्याचा आवाज परत आला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आला तो त्याचा नव्हता. नुसता एक ठोका, खूप खालून, धुक्याच्या तळातून. टण्ण.

मेहुणा काही बोलला नाही, ही त्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट.

केबिनमध्ये पडद्यावरचे बारा चौकोन विझले होते. परत रेघा. ठोक्यानं पडद्यावरचा चिखल बाहीनं पुसला, अगदी हळुवार, आणि गाडी सोडली. प्रत्येक वळणावर त्यानं हॉर्न दिला. गरज नव्हती तिथंही दिला. खालच्या गावाशी धुकं फाटलं आणि ऊन पडलं. शाळा सुटली होती. पांढऱ्या पट्ट्यांपाशी ठोक्यानं गाडी थांबवली. पन्नास-साठ पोरं, दप्तरं हलवत, भांडत, खिदळत, त्या सव्वीस टनांच्या नाकासमोरून रस्ता ओलांडत होती. ब्रेक गेलेला, मागं पेटलेला ट्रेलर इथं कसा आला असता, ते दोघांनाही दिसत होतं. एका पोरीनं हात हलवला. ठोक्यानं असा हॉर्न वाजवला की अख्खी रांग कानावर हात ठेवून हसायला लागली. मग तोही हसला. डोळ्यांतून पाणी येईतो हसला. राजा युद्ध जिंकून आला तरी इतका ताठ बसत नसेल.

मेहुणा जसा नेला तसा परत आणला, भुवया सोडून. घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, रेघेसकट. तिनं त्याचा पट्टी बांधलेला हात हातात घेतला. “अकरा वर्षं एकट्यानं वाहिलंत होय,” ती म्हणाली. “आधी जेवून घ्या.” दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन त्यानं मुकादमालाही सांगितलं, सगळ्यांसमोर. मग फिटरची मानगूट धरली आणि बाराही सेन्सर त्याच तासात लावून घेतले, आतले आधी. आणि बऱ्याच वर्षांनी आपली मोगरी दुसऱ्याच्या हातात दिली. “माझी गाडी ठोक,” म्हणाला, “आणि मी तुझी ठोकतो.”

तिसऱ्या दिवशी टायरवाल्याचा निरोप आला, जरा येऊन जा.

टायरवाल्यानं तो जळका टायर रिमवरून उतरवून दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवला होता. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून दार लोटून घेतलं.

“हे बघ.” त्यानं टायर पसरून बॅटरी आत धरली. कुशीला वीतभर चीर होती, आरपार. “एवढी चीर म्हणजे क्षणात फाट् व्हायला पाहिजे. माथ्यावरच फुटला असता. तू म्हणतोस हळूहळू उतरला. कसा?”

ठोक्या वाकला. टायरच्या आतल्या अंगाला, जिथं हवेशिवाय काही नसतं, चिरेच्या दोन्ही बाजूंना रबर दबलेलं होतं. पंजे होते ते. माणसाचे. दोन. चीर दोन्हीकडून दाबून धरल्यासारखे.

“दोन्ही डावे आहेत,” टायरवाला कुजबुजला.

एक मोठा होता. तो दादाचा, हे ठोक्याला मोजून बघावं लागलं नाही. दुसऱ्यावर त्यानं पट्टी सोडून स्वतःचा डावा हात ठेवला. बोटाला बोट बसलं. सोललेल्या सालीची कड नि कड जुळली, आणि हा हात तर सोलला होता टायर बसल्यानंतर.

रबर अजून कोमट होतं. आणि त्याच्या हाताखाली ते हळूच, श्वास घ्यावा तसं, वर आलं.